नऊ भोकांची पाटी

१

बुधवारी शाळा सुटली की ती दप्तर न उतरवता थेट दवाखान्यात जायची. बाबा आधीच येऊन बाकावर बसलेले असायचे. उजवा हात मांडीवर अगदी नीट ठेवलेला, कुणी थोड्या वेळासाठी सांभाळायला दिल्यासारखा. मग दोघं लांबलचक बोळ ओलांडून शेवटच्या खोलीत जायची.

खोलीत एक टेबल होतं, तीन खुर्च्या आणि काचेच्या दारांचं उंच कपाट. कपाटात बटणांच्या पट्ट्या, नट-बोल्ट, मणी, चिमटे असं काय काय भरलेलं. कुणाची बोटं किती चपळ आहेत, कुणाचा हात किती कामाचा उरलाय, हे इथे मोजलं जायचं. मोजणाऱ्या बाईंना सगळे पेशंट खुंटीबाई म्हणायचे, आणि बाईंना ते माहीत होतं. त्यांच्या टेबलावर कायम एक लाकडी पाटी असायची, नऊ भोकांची, आणि शेजारी वाटीत नऊ खुंट्या. एकेक खुंटी उचलून भोकात बसवायची, सगळ्या बसल्या की एकेक काढून परत वाटीत टाकायची. बाईंच्या हातात स्टॉपवॉच. आधी चांगला हात, मग आजारी हात.

"पोरखेळ वाटतो ना?" पहिल्या दिवशी बाई तिला म्हणाल्या होत्या. "पैलवान रडलेत इथे."

तिने ते बाबांना खुणेने सांगितलं आणि बाबा खो खो हसले.

बाबा जन्मापासून बहिरे. बहिऱ्या मुलांच्या शाळेत ते खुणांची भाषा शिकवायचे. आईलाही ऐकू येत नव्हतं. घरात ऐकणारी दोनच माणसं, ती आणि आत्या, आणि त्यातली बोलणारी एकटी आत्या. ती स्वतः तोंडाने फारसं बोलायची नाही. वर्गात नाव पुकारलं तरी तिचे कान लाल व्हायचे. हातांनी मात्र ती घडाघडा बोलायची, आणि ते तिला बाबांनी शिकवलं होतं.

उन्हाळ्यात बाबांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. ते वाचले, चालायलाही लागले, पण उजवा हात गेला. हलेना, आणि त्याला काही कळेना. शेजारी भेटायला यायचे आणि म्हणायचे, नशीब, एका हातावर निभावलं. आता त्यांना कोण सांगणार की वाचाच गेली होती.

बाबा डाव्या हाताने बोलायचा प्रयत्न करायचे. पण डावा हात तोतरा होता. शब्द अर्धे यायचे, एकात एक अडकायचे. ज्या हाताच्या बोलण्यावर अख्खा वर्ग पोट धरून हसायचा, त्याच्या जागी हा हात पाणी मागायलासुद्धा अडखळायचा.

आणि एक शब्द तर त्याला मुळीच जमत नव्हता. तिचं नाव.

खुणांच्या भाषेत प्रत्येकाला एक वेगळं नाव असतं, हाताने घ्यायचं. तिचं नाव बाबांनी ठेवलं होतं. पंजा उघडा धरायचा आणि करंगळीशेजारचं बोट तेवढं दोनदा तळव्यापर्यंत वाकवायचं. बाकीची चारही बोटं ताठ. ती जन्मली त्या दिवशी तिने म्हणे बाबांचं तेच बोट मुठीत पकडून दोनदा खाली ओढलं होतं. करून बघितलं की कळतं, ते बोट एकटं वाकत नाही, शेजारच्यांना ओढून नेतं. आईची करंगळी हमखास बरोबर यायची, म्हणजे आई तिला बोबडी हाक मारायची. बाबांच्या शाळेतल्या मुलांनी हात धरून धरून सराव केला, कुणालाच जमलं नाही. तिचं नाव जगात एकच हात स्वच्छ घ्यायचा.

म्हणून ती बुधवार चुकवत नव्हती.

२

पुष्कळ बुधवार गेले. उजव्या हाताने एकही खुंटी उचलली नाही. मग एकदा बाईंनी कपाटामागून एक लाकडी चौकट काढून टेबलावर उभी केली. चौकटीला जाड हिरवा पडदा होता.

"आज डोळे बाजूला ठेवू," बाई म्हणाल्या. "कधी कधी डोळेच हाताला धाक दाखवतात."

बाबांनी उजवा हात पडद्याखालून पलीकडे सरकवायचा, म्हणजे तिने तो उचलून सरकवायचा. पलीकडे, मोकळ्या बाजूला, बाई बसणार. त्या हातात एकेक वस्तू ठेवणार, आणि बाबांनी न बघता सांगायचं की काय आहे. बाईंनी किल्ली ठेवली. बाबांचा डावा हात म्हणाला, "काही नाही." बाईंनी बटण ठेवलं, रिळ ठेवलं, शेवटी बर्फाचा खडा ठेवला. "काही नाही," डावा हात म्हणाला, आणि त्याने हे मात्र न अडखळता म्हटलं.

बाईंनी सुस्कारा सोडून पाटी आणि वाटी पडद्याखाली सरकवली. तेवढ्यात दारात नर्स आली. बाई उठून दाराशी गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहून तिच्याशी बोलू लागल्या.

बाबांनी तिच्याकडे बघून भुवया उंचावल्या. सुरू करू का?

थांबा, बाईंना येऊ दे, असं सांगायला तिने हात उचलला, आणि पडद्यामागे आवाज झाला.

टक्.

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. खुंटी भोकात नीट बसली की होतो तो. आधी वाटीत बारीक खडखड, मग टक्. पुन्हा खडखड, टक्. डाव्या हातालाही इतक्या सफाईने जमत नसे.

तिने बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं. ते अजून भुवया उंचावून तिच्या उत्तराची वाट बघत होते. खांदा हलत नव्हता. शर्टाची बाही जिथे पडद्याखाली जात होती, तिथे एक सुरकुतीदेखील हलत नव्हती. बाबांना टक् ऐकू येणं शक्य नव्हतं, आणि हाताला स्पर्श कळत नव्हता. म्हणजे त्या हाताचं काय चाललंय, ते या टेबलाशी फक्त तिलाच ठाऊक होतं.

बाई परत आल्या, बसल्या, आणि त्यांनी पाटीकडे बघितलं. नऊच्या नऊ खुंट्या बसलेल्या होत्या. बाबांचा पंजा त्यांच्याशेजारी उताणा पडला होता.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी तिच्याकडे नुसतं बघितलं. "मदत केलीस की मोजमाप बिघडतं, बाळ," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी डोळ्यांनी बघते तेवढंच मोजते."

मी नाही केलं, असं तिला सांगायचं होतं. पण नुसते तिचे कान तापले. बाबांनी विचारलं, काय म्हणतायत? ती म्हणाली, काही नाही.

३

बाबा ऐन रंगात बोलायला लागले की हात इतके लांब जायचे की टेबलावरचा एखादा तरी ग्लास खाली यायचा. आत्या म्हणायची, हा माणूस घरात बोलतो कमी आणि फोडतो जास्त. उन्हाळ्यानंतर घरात एकही ग्लास फुटला नव्हता. तरी आई रोज बाबांच्या उजव्या हाताला, टेबलाच्या अगदी कडेला, पाण्याने भरलेला ग्लास ठेवायची. आत्या एकदा तो आत सरकवायला गेली, तर आईने तिच्या हातावर चापट मारली.

त्या संध्याकाळी तिने आत्याला हातांनी सगळं सांगितलं. आत्या मटार सोलत होती. तिचं म्हणणं पडलं की बेडूक मेल्यावरसुद्धा तंगड्या झाडतो, शाळेत शिकवलं नाही का, नसा असतात त्या. बेडूक खुंट्या लावत नाही, असं तिला म्हणावंसं वाटलं. मग तिलाच वाटलं, कदाचित खुंट्या आधीपासूनच लावलेल्या असतील. टक् आवाज पलीकडच्या खोलीतून आला असेल, किंवा पंख्याचा असेल. रात्री अंथरुणावर पडेपर्यंत तिच्याकडे चांगली पाच-सहा कारणं जमली होती, आणि एकही खरं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तिने बाबांच्या उजव्या हातावर टॉवेल पसरला, जवळ भाताची रिकामी वाटी आणि चार-पाच बटणं ठेवली, आणि मुद्दाम खिडकीकडे तोंड करून बसली. बराच वेळ काही झालं नाही. बाबांनी डाव्या हाताने टेबलावर थाप मारून तिला बोलावलं. "हाताला... थंडी... वाजते?" त्यांनी विचारलं. विनोद करायला त्यांना एवढा वेळ लागला की हसू येण्याऐवजी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने टॉवेल काढून घेतला.

४

पुढच्या बुधवारपासून बाईंनी पडदा कायम ठेवला. त्या समोर बसून टक लावून बघत राहायच्या, आणि हात मेल्यासारखा पडून असायचा. त्या फोन घ्यायला उठल्या, खिडकी लावायला उठल्या, की खडखड, टक्. एकदा तर त्या दोन पावलंही गेल्या नव्हत्या. त्या जागच्या जागी थांबल्या. वळल्या नाहीत. सगळ्या खुंट्या बसल्याचा आवाज येईपर्यंत त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग परत येऊन बसल्या आणि त्यांनी स्टॉपवॉच खणात ठेवून दिलं. तिला मदत केल्याबद्दल पुन्हा कधी काही म्हणाल्या नाहीत.

ते कपाट तिला दिसलं त्याच्या पुढच्या खेपेला.

म्हणजे ते रोजच समोर होतं. बाबांच्या शेजारी बसलं की समोर बाईंची खुर्ची आणि खुर्चीमागे कपाट. आतला अंधार आणि बाहेरची काच, त्यामुळे कपाटात खोली दिसायची, पण बाईंची पाठ मध्ये असायची. त्या दिवशी बाहेर आभाळ आलं होतं म्हणून दिवा लावलेला होता. बाई कुणाला तरी वाट दाखवायला बोळात गेल्या. खुर्ची रिकामी झाली. आणि काचेत तिला पडद्याची मोकळी बाजू दिसली.

पाटी बाजूला सारलेली होती. हात मनगटावर उभा होता, आणि बोलत होता.

काचेत उजवं ते डावं दिसतं. त्यामुळे क्षणभर तिला वाटलं की बाबांचा डावा हातच आहे, अखेर शिकला. पण डावा हात तिच्याशेजारी टेबलावर ठेवलेला होता, आणि बाबा खिडकीबाहेर कबुतरं बघत होते.

ती ते बोलणं ओळखत होती. ते बाबांचंच होतं, एखाद्याचं अक्षर ओळखावं तसं. शब्दाच्या शेवटी किंचित वर उडणारी तर्जनी, प्रश्नाच्या आधी घेतलेला छोटासा दम. उन्हाळ्यापासून तिने ते बघितलं नव्हतं. तिला इतका आनंद झाला की भीती वाटायला हवी हे तिच्या लक्षातच आलं नाही. मग तिने नीट वाचलं.

"बघ," हात म्हणत होता. "हळू. असं. आता तू कर."

आणि थांबत होता, जसे बाबा वर्गात थांबायचे, समोरच्याला वेळ देत. मग म्हणायचा, "नाही. पुन्हा."

समोर कुणी नव्हतं. टेबल होतं, दिव्याचा उजेड होता आणि बाईंची रिकामी खुर्ची होती.

नव्या मुलाला खूण जमली नाही की बाबा त्याचा पंजा आपल्या हातात घ्यायचे आणि एकेक बोट धरून जागेवर लावायचे. हात आता तेच करू लागला. हवेत पुढे झाला, काहीतरी अलगद धरून त्याची बोटं सरळ करू लागला. अंगठा. तर्जनी. मधलं. प्रत्येक बोट खालपासून टोकापर्यंत, मायेने. चौथं. करंगळी. तिने मनातल्या मनात हुश्श केलं, आता संपलं.

हात संपवत नव्हता. त्याने पुढचं बोट धरलं. मग त्याच्या पुढचं. पडद्याच्या कडेपर्यंत तो सरकत गेला, न घाबरता, न घाई करता, जणू त्याच्या वर्गात अशीही मुलं येतात.

बोळात बाईंच्या चपला वाजल्या. काचेत खुर्ची भरली आणि पुढचं काही दिसलं नाही.

५

शेवटच्या बुधवारी बाईंनी तिला समोर बसवून सांगितलं की आज मोजणी बंद करावी लागेल. इतक्या आठवड्यांत त्यांच्या डोळ्यांदेखत हात हललेला नाही. त्यांना ही वेळ दुसऱ्या कुणाला तरी द्यायला हवी, बाहेर माणसं थांबली आहेत. बोलताना त्या तिच्याकडे न बघता पाटी पुसत होत्या.

तिने ते बाबांना सांगितलं. बाबांनी मान डोलावली. मग डाव्या हाताने त्यांनी काहीतरी सुरू केलं. पंजा उघडला, बोटं ताठ केली, आणि एक वाकवायला गेले तर सगळीच मिटली. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा मूठ झाली. त्यांनी मूठ मांडीवर ठेवून दिली आणि ते खिडकीकडे बघू लागले.

मग ती तोंडाने बोलली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "बाई, एकदाच पडदा लावाल?"

बाईंनी फडकं बाजूला ठेवलं. चौकट टेबलावर ठेवली. बाबांचा उजवा हात स्वतः उचलून पडद्याखाली सरकवला आणि वरून हलकेच थोपटला.

"मी पाणी पिऊन येते," त्या म्हणाल्या. "मला सावकाश प्यायची सवय आहे." आणि जाताना त्यांनी कपाटाच्या काचेवर टॉवेल टाकला. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. कधीपासून, ते तिने कधी विचारलं नाही.

दार लागलं. ती ऐकत राहिली. आज खुंट्यांचा आवाज नव्हता. पडद्यामागे कापडावर कापड घासल्यासारखं काहीतरी होत होतं, अगदी हळू, आणि मध्येच थांबत होतं. वाकून बघितलं तर हात निजलेला दिसेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने बघितलं नाही. डोळे बाबांच्या बाहीवर ठेवून तिने आपला हात पडद्याखालून पलीकडे सरकवला.

पलीकडे हवा गार होती.

आधी बाबांची बोटं लागली. गरम, जिवंत. त्यांनी तिचं मनगट धरलं, उन्हाळ्याआधी रस्ता ओलांडताना धरायची तसं. तिला वाटलं, हात आता तिच्याशी बोलेल. पण त्याने तिला पुढे नेलं, वर्गात नव्या मुलाची ओळख करून देताना नेतात तसं, आणि तिचा तळवा उताणा करून कशाच्या तरी समोर धरला.

मग तिच्या तळव्यावर दुसरी बोटं टेकली. कोरडी, हलकी, एकाशेजारी एक. ती तळव्यात मावत नव्हती. काही तिच्या मनगटावर आली, काही बाजूने खाली ओघळली. तिला भीती वाटत होती. पण ती बोटं तिच्याहून जास्त थरथरत होती.

एक बोट वाकलं. शेजारची दोन्हीही त्याच्याबरोबर खाली आली. ती सगळी परत वर गेली. क्षणभर काहीच झालं नाही. मग पुन्हा तेच बोट वाकलं, आणि पुन्हा शेजारची त्याच्यामागे.

ते तिचं नाव होतं. बोबडं, चुकलेलं, नको तितक्या बोटांनी घेतलेलं. पण तिचंच. बाबांच्या हाताने तिला सोडून मनगटावर हलकी थाप दिली. तिच्या नव्हे, त्या दुसऱ्याच्या. ठीक आहे. पुन्हा.

इतके आठवडे हात हेच शिकवत होता.

टेबलावर थाप पडली. बाबा तिच्याकडे बघत होते. तिचे गाल ओले झाल्याचं तिला तेव्हा कळलं.

"काय... झालं?" डाव्या हाताने विचारलं.

तिचा एकच हात मोकळा होता. तिने त्याने सांगितलं. "तुमचा हात तिकडे शिकवतोय."

बाबांनी पडद्याकडे बघितलं. आपल्या बाहीकडे बघितलं, जी जराही हलत नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते ती पुढे कधीच कुणाला सांगू शकली नाही. त्यांनी कोणाला, असं विचारलं नाही. ते आयुष्यभर मास्तर होते. त्यांचा डावा हात बराच वेळ जुळवाजुळव करत राहिला.

"जमतंय?"

"अडखळतो," ती म्हणाली. "शेजारची बोटं ओढली जातात."

बाबांच्या डोळ्यांत उन्हाळ्यापासून विझलेलं काहीतरी पुन्हा उजळलं. "मग... दाखव," ते म्हणाले. "नीट... धरून."

पडद्यामागे बाबांची बोटं बाजूला झाली, जागा करून दिल्यासारखी. ती दुसरी बोटं अजून तिच्या तळव्यावर वाट बघत होती.

तिने ती हातात घेतली. अंगठा शोधला आणि सरळ केला. मग त्याच्या शेजारचं, मग मधलं, खालपासून टोकापर्यंत, बाबा करायचे तसं. चौथ्यापाशी तिने किंचित दाबून सांगितलं, हे, फक्त हे. करंगळी ताठ धरली.

तिथे ती क्षणभर थांबली. मग तिने पुढचं बोट हातात घेतलं.